उघड्या उंबऱ्याचा वसा

ऐका पाण्यातल्या साती आसरांनो, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. मुठीत अक्षता धरा. मागच्या दोघींनी आधी कुजबुज आवरा, सुनांची गाऱ्हाणी उद्याही होतील.

नगरांमधलं नगर, आटपाट. त्याला चार वेशी, मधे तळं, तळ्याच्या काठी कासारआळी. तिथं हरबा कासार राहायचा नि त्याची बायको अन्सा. लेकरू नव्हतं, पण घर कधी रितं नव्हतं. दिवसभर ओट्यावर बायकांची रीघ. हरबाचा हात इतका हलका, की मनगट त्याच्या हाती दिलं की बाईला डुलकीच लागायची. डोळे उघडावेत, तर कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, अन् कातडीवर ओरखडा नाही. कुणाची लेक सासरी निघाली, बोलवा हरबाला. कुणाचं डोहाळजेवण आलं, बोलवा हरबाला. राजाच्या घरचं लग्न निघालं, तर मेणा पाठवा, पण हरबालाच बोलवा. अन्सा शेजारी बसून बांगड्यांच्या माळा सोडायची, नि नवऱ्याच्या हाताकडे बघत राहायची. त्या हातावर तिचा भारी जीव होता.

मग काय झालं? एकदा जत्रेहून येताना हरबा वेशीबाहेरच्या दारूच्या गुत्त्यावर टेकला. पहिल्या दिवशी शिणवट्याला घेतली. दुसऱ्या दिवशी थंडीला घेतली. तिसऱ्या दिवशी कारण कुणी विचारलंच नाही, नुसती घेतली. असे दिवस गेले, मास गेले, वर्षं गेली. सकाळी उठला की हात कापायचा. घोट घेतला की थांबायचा. मग एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, तरी हात काही थांबेना.

आता कासाराचा हात कापला तर काय होणार? एकीच्या मनगटावर बांगडी वाढवली, फुटली म्हणू नये. अन्सा म्हणाली, काच कच्ची आली गं बाई. दुसरीच्या मनगटावर दोन वाढवल्या. अन्सा म्हणाली, भट्टीवाल्यानं फसवलं. तिसरीच्या हातावर पाच तडकल्या, तशी अन्सानं नवऱ्याला आत नेऊन निजवलं, नि बाहेर येऊन सांगितलं, त्यांना ताप भरलाय. दीर विचारायला आला, त्याला सांगितलं कामाचा शीण आहे. आई आली, तिला सांगितलं दृष्ट लागली. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या नि घरी गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या माउलीनंच तर शिकवलं होतं. अन् खोटं रोज बोललं ना, की मेलं खरं वाटायला लागतं. अन्सा आता एकटी असली तरी बांगड्या उजेडात धरून काचेला शिव्या द्यायची.

आळीत नवी सून आली होती, नाव तिचं रंगू. पहिली मंगळागौर म्हणून हात भरायला आली. हरबानं तिचं मनगट धरलं, बांगडी चढवली, दाबली, नि ती फुटली ती थेट शिरेत घुसली. रक्ताची धार लागली. रंगू पांढरीफटक पडली. बायका पदर सावरून उठल्या. कुणी म्हणालं, या घरच्या चुड्याला कसली तरी बाधा आहे. हरबा स्वतःच्या हाताकडे बघत बसला, अन् अन्सा ओरडून सांगत होती, काच कच्ची, काच कच्ची.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या बांगड्या टोपल्यात भरल्या, टोपलं डोईवर घेतलं, नि भर दुपारी तळ्यावर गेली. म्हणाली, बुडवते एकदाच्या, म्हणजे सुटले. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं, पण पायऱ्या मात्र वरपर्यंत ओल्या होत्या. खालच्या पायरीवर सात जणी केस सोडून बसल्या होत्या. सातींची सावली पडत नव्हती, अन् अन्साला त्याचं नवलही वाटलं नाही. ऊन कुठूनतरी पाण्याखालून येत होतं.

सातींनी विचारलं, कासारणी, कासारणी, टोपल्यात काय? ती म्हणाली, बांगड्या. कुठं नेतेस? बुडवायला नेते. का बुडवतेस? काच कच्ची आहे. तशी धाकटीनं हात पुढं केला. म्हणाली, बुडवायच्याच आहेत, तर आधी आमचे हात भर.

अन्सा पायरीवर बसली. एकीचे हात भरले, बांगडी फुटली नाही. दुसरीचे भरले, फुटली नाही. तिसरीचे, चौथीचे, सातींचे चौदा हात भरले. हात गार होते, ओले होते, नि बांगड्या आपल्या आपण मनगटावर सरत होत्या. थोरलीनं उठून भरला हात दगडावर आपटला. किणकिण झाली, चरा गेला नाही.

थोरली म्हणाली, "मग काच कच्ची कशी गं, अन्सा?"

 किती वर्षं अन्सा रडली नव्हती. आता रडायला लागली, ती इतकी रडली की तळ्याचं पाणी एक पायरी चढलं. सातींनी तिला रडू दिलं. मग थोरलीनं वसा सांगितला. तीन मंगळवार, तीन उंबरे. उपास नको, तेलवात नको, सवाष्णही नको. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसावं, नि आपल्या घरात जे झाकलंय ते मोठ्यानं सांगावं. ऐकणारीनं हसू नये, नाव ठेवू नये, गप्प राहा म्हणू नये. जवळ असेल ते द्यावं.

अन्सानं भीत भीत विचारलं, "वसा मोडला तर?"

"आम्ही काही करत नाही, बाई," थोरली म्हणाली. "जे चाललंय तेच चालेल."

पाणी हललं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. टोपलं अर्धं रिकामं होतं.

मंगळवार आला. अन्सा आळीला औषधपाणी देणाऱ्या वैदीणबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.  वैदीणबाईनं दोनदा विचारलं, काय हवं? ही म्हणाली, विस्तव हवा. खापरीत निखारे घेऊन घरी आली. हरबा उताणा पडला होता. डोळे हळदीसारखे झाले होते. निखारे विझले. आता हिला काय म्हणावं? म्हणायला सोपं आहे बायांनो, पण आपल्यातल्या कितीजणी अशा विस्तव मागून परत आल्यात, ते जिचं तिला ठाऊक.

मग तिनं शहाणपणा केला. म्हणाली, कुणाला सांगायचंच कशाला? कोंडून घालते. दारू मिळाली नाही की आपसूक सुटेल. दाराला बाहेरून कडी घातली. एक दिवस हरबानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी, तो मंगळवार होता, आतून आवाज येईना. अन्सानं कडी काढली. हरबा कोपऱ्यात थरथरत होता. भिंतीवर साप आहेत म्हणत होता. मग त्याचं अंग ताठ झालं, दातखीळ बसली, झटके यायला लागले. ते थांबले तेव्हा त्यानं अन्साकडं पाहिलं नि विचारलं, बाई, तू कोण?

तशी ती दार उघडं टाकून धावत सुटली. पहिला उंबरा लागला तो रंगूचा. तीच रंगू, मनगटाला फडकं बांधलेली. अन्सा त्या उंबऱ्यावर मटकन बसली.

म्हणाली, "पोरी, काच पक्की होती. हात कापत होता. ते पितात गं, पाच वर्षं झाली. तुला लागलं ते माझ्या खोट्यामुळं लागलं. आता ते मरतायत."

रंगूची सासू आतून म्हणाली, अगं हळू, लोक ऐकतील. रंगू म्हणाली, "ऐकू द्या, आत्याबाई. माझे बाबा असेच गेले. आईनं बाराव्या दिवसापर्यंत ताप होता म्हणूनच सांगितलं." एवढं बोलली नि अनवाणी पळाली, ती वैदीणबाईला घेऊनच आली.

वैदीणबाईनं हरबाची नाडी पाहिली. अन्साला म्हणाली, कोंडलंस ते वाईट केलंस. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची एकाएकी तोडली तर जिवावर बेततं. वेशीबाहेरच्या नदीपल्याड औषधाचं घर आहे, तिथं दिवसरात्र माणूस उशाशी असतो, तिथं न्यायला हवं. रागावली नाही, टोमणा मारला नाही. रंगूच्या नवऱ्यानं नाव सोडली, नि चौघांनी हरबाला उचलून पलीकडं नेलं. नदीवर त्या दिवशी धुकं होतं. अन्साला वाटलं, नावेला पुढून कुणीतरी सात जणी ओढतायत.

हा एक उंबरा झाला. पुढच्या मंगळवारी ती भिवा लोहाराच्या उंबऱ्यावर बसली. भिवानं एकेकाळी भाता विकून दारू प्यायली होती, आता नऊ वर्षं थेंबाला शिवला नव्हता. त्यानं ऐकलं नि म्हणाला, वहिनी, तो परत आला की रोज सांजेला माझ्या भट्टीवर पाठव. आम्ही दारू सोडलेले सहाजण बसतो. कोण किती वाईट ते मोजत नाही, फक्त आजचा दिवस काढतो.

तिसऱ्या मंगळवारी ती थेट राजाच्या उंबऱ्यावर गेली. संगतीला रंगू, वैदीणबाई, अन् बघता बघता निम्मी आळी. अन्सानं सगळं सांगितलं. तिचं संपलं तशी दुसरी बोलली, माझा लेक गांजा ओढतो. तिसरी म्हणाली, माझा दीर. चौथी कनवटीची तंबाखूच्या मिश्रीची डबी काढून राजाच्या पायरीवर ठेवती झाली, कारण तिची सहा वर्षांची नात तिचं बघून दात घासायला लागली होती.  मग राजानं दवंडी पिटवली. नगरातल्या बायांनी एकेक घडा चौकात आणावा. वेशीवर गुत्ता हवा तिनं घडा उभा ठेवावा, नको तिनं आडवा ठेवावा. सकाळी चौक बघावा, तर नजर पोचेल तिथवर घडे आडवे निजलेले. गुत्ता उठला. त्या जागी राजानं पडवी बांधून दिली, नि भिवाची बैठक तिथं भरायला लागली.

हरबा महिन्यानं परत आला. सुकला होता, पण बायकोला ओळखत होता. रोज सांजेला पडवीत जाऊ लागला. आता तुम्ही म्हणाल, झालं, मिटलं. नाही हो. वर्षभरानं परगावच्या लग्नाला गेला नि तिथं प्यायला. झोकांड्या खात घरी आला. आळीनं पाहिलं. आईची शिकवण अन्साच्या ओठापर्यंत आली, दार लावायला हातही उठला. पण तिनं वसा आठवला, दार सताड उघडलं, नि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आज प्यायलेत. या गं."

रंगू आली, वैदीणबाई आली, भिवा आला. त्याला पाणी पाजलं, कुशीवर निजवलं, कुणी उणंदुणं काढलं नाही. सकाळी हरबा उठला. तोंड धुतलं, डोईला पागोटं बांधलं. अन्सा विचारते, कुठं निघालात?  आळीच्या टोकाला एक घर होतं, त्याचं दार महिनाभर आतून लागलेलं, आतल्याला ताप आहे असं सांगत. हरबा त्या उंबऱ्यावर जाऊन बसला. बायांचा वसा पुरुषानं घेतला. दारावर थाप मारून म्हणाला, "मी हरबा कासार. काल मी प्यायलो. बाबा, तुझं काय?"

बऱ्याच वेळानं आतली कडी वाजली.

जशा आसरा अन्साशी बोलत्या झाल्या, तशा तुम्हाआम्हाशी होवोत. कुणाच्या मुठीत काय झाकलंय ते आसरांना ठाऊक, आपण विचारू नये. पण जिला सांगायचंय तिला उंबरा मिळो, ऐकायला माणूस मिळो. आता ज्यांना जायचंय त्यांनी अक्षता वाहा नि प्रसाद घेऊन निघा. जिला बसायचंय तिनं बसावं, मला घाई नाही. साठा उत्तरांची ती पाचा उत्तरी सांगितली, सांगणारीला फळली, ऐकणारीला फळो, ही कहाणी इथं भरून पावली.