आप्पासाहेबांच्या लेकीची पाठवणी

कराडच्या महादूची वरातीची घोडी म्हातारी झाली, तेव्हा त्याच्या मनात उघड्या टपाची एक जुनी परदेशी गाडी भरली. नवरदेव हौसेनं तिच्यात बसतील, लगीनसराई चांगली जाईल. पण त्याची बायको सारिका हिशेब मांडू लागली. घोडीच्या कमाईतून साठवलेलं सगळं या गाडीत जाणार होतं, आणि कडेवर आठ महिन्यांचं लेकरू होतं. गाडी बंद पडली तर खायचं काय?

तिनं तसं विचारताच गाडीचे मालक, जुन्या गाड्यांचा धंदा करणारे आप्पासाहेब नलवडे, चार गिऱ्हाइकांसमोर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "वहिनी, बायकांना गाडीतलं काय कळतंय? ही माझी लेक आहे, लेक. काळजावर दगड ठेवून देतोय."

महादूचा हात खिशाकडे गेला. सारिकानं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"गाडीतलं नाही कळत, आप्पासाहेब, पण लेकीचं कळतं. माझे पहिल्या वर्षाचे सण माहेरी झाले, बाळंतपणही माझ्या वडिलांनीच केलं. तुमच्या लेकीचं पहिल्या वर्षाचं दुखणंखुपणं तुम्ही बघायचं. तेवढं कागदावर लिहून द्या, आजच नांदायला नेतो."

गिऱ्हाइकं हसली. चारचौघांत लेक म्हटलेलं आप्पासाहेबांना मागं घेता येईना. त्यांनी तसं लिहून कागदावर सही केली, आणि मेस्त्रीला जवळ बोलावून हळूच म्हणाले,

"हिचा टप उघडतो पण मिटत नाही, ते आधी नीट कर. गिअरबॉक्सही खोल. आता पाठवणी आठ दिवसांनी."