अरामाचा राजा आणि पातेल्यांची राख

टेकडीच्या पोटाशी एक गाव होतं. गावात चर्च एक, आळ्या दोन. दर कापणीच्या सणाला वरची आळी आणि खालची आळी यांची रस्सीखेच व्हायची. हरेल त्या आळीनं प्रीतिभोजनाची पातेली घासायची. मग तो पुढारी असो की नवा जावई.

खालच्या आळीचा पुढारी शमुवेल. छाती मोठी, मिशी त्याहून मोठी. गेल्या सणाला हरला आणि कोपरापर्यंत राखेत बुडाला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "आम्ही चढाला उभे होतो. सपाटीवर या, मग दाखवतो."

यंदा सणाच्या आदल्या रविवारी पाळकांनी त्यालाच बायबलातलं वचन वाचायला लावलं. अरामाचा राजा इस्राएलाशी लढून हरला. त्याच्या माणसांनी त्याला समजावलं, इस्राएलाचा देव डोंगरावरचा, म्हणून आपण हरलो. आता मैदानात लढू. वर्ष फिरलं आणि राजा पुन्हा निघाला लढायला.

"बरोबर आहे राजाचं," शमुवेल म्हणाला. "जागाच वाईट होती."

वरच्या आळीच्या मार्थाआत्या मागून बोलल्या, "मैदानातही मारच खाल्ला की त्यानं. बाळा, जरा मागचं वाच. पहिल्या लढाईच्या दुपारी राजा काय करत होता?"

शमुवेलनं पान उलटलं. राजा तंबूत दारू पिऊन झिंगला होता.

"आणि तू रे, गेल्या वर्षी?"

चर्चभर खुसखुस पसरली. रस्सी ओढायच्या आधीच शमुवेल आणि त्याचे गडी मटण-भाकरी चापून लिंबाखाली घोरत होते. वाढणाऱ्या बायकांना सगळं ठाऊक होतं.

शमुवेलची मिशी खाली आली. सपाटी मागावी तर हसं, न मागावी तर पुन्हा राख. त्यानं पुस्तक मिटलं.

"पाळकसाहेब, रस्सी तिथंच राहू द्या," तो म्हणाला. "चढही आमच्याकडंच. फक्त मटणाच्या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली आत्याकडं द्या."

सणाला खालची आळी हलक्या पोटानं उभी राहिली, आणि जिंकली.

संध्याकाळी सगळ्यात काळं पातेलं मार्थाआत्यांच्या वाट्याला आलं. शेजारी त्यांचा मुलगा, वरच्या आळीचा पुढारी, राख चोळत कुरकुरत होता, "उतारावर पाय घसरले गं आई. पुढच्या वर्षी सपाटीवरच घेऊ."

"घासा महाराज, घासा," आत्या म्हणाल्या. "अरामाचा राजा यंदा आमच्याच घरी मुक्कामाला आलेला दिसतो."

तात्पर्य: हरलात तर मैदान बदलायच्या आधी आपलं पोट तपासा. जागेला दोष देणारा दुसऱ्या जागीही हरतो.