कितीचा घोडा

"...उशाशी घोडा ठेवूनच निजतो गोसावीबाबा, आणि त्या रात्री म्हणे त्यानं..."

एवढंच उद्धवराव काळेलांच्या कानी पडलं आणि गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पुढचं सगळं पिठात गेलं.

घोडा म्हणजे पिस्तूल, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. उद्धवरावांनी दळणाचा डबा तिथंच सोडला आणि टेकडीची वाट धरली. डाळिंबाच्या बागेतल्या बंगल्यासाठी त्यांना हत्याराचा परवाना नुकताच मिळाला होता. कोणतं घ्यावं, यावर दुकानदार एक सांगे, मेहुणा दुसरंच. जो स्वतः बाळगतो त्यालाच विचारलेलं बरं.

बाबा मठीच्या ओट्यावर बसून गोधडीला ठिगळ लावत होता.

"बाबा, बत्तीस घ्यावी की बावीस?"

"दात?" बाबानं सुई थांबवली नाही. "बत्तीस होते. आता बावीस असतील. भाकरी जाते."

"पिस्तूल म्हणतोय मी. किती बोअरची घ्यावी? घरात ठेवायचीय, राखणीला."

"असं होय. मग तूच सांग की."

उद्धवरावांना सांगायला आवडायचं. साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते, तिथंही माणसं मान डोलवून ऐकायची. ते मांडी घालून ऐसपैस बसले.

"बावीसची गोळी बारकी. हाताला झटका नाही, नेम ढळत नाही. पण लागली तरी गडी पळत राहील. बत्तीस हाताला झटका देते, पण गडी जागेवर बसतो. आणि घरात अंतर ते किती? हॉलपासून मागच्या दारापर्यंत. माझं मत बत्तीसकडं आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"कोण गडी?"

"चोर, बाबा. दुसरा कोण?"

"बघितलास?"

"पाठमोरा. मागच्या दारानं निघून जाताना. अंगानं दांडगा आहे. ओरडलो तरी मागं वळला नाही."

"कडी तोडली?"

"नाही, काढलेली होती. फटीतनं पातं घालून काढत असेल. हुशार आहे लेकाचा."

"नेलं काय?"

उद्धवराव जरा घुटमळले.

"नेलं असं काही नाही. दुरडीतली भाकरी गेली. दर खेपेला भाकरीच जाते."

"कोरडीच?"

"छे, ठेचा होता की. वाटीत, वर ताटली झाकून..."

सुई थांबली.

"चोरासाठी ठेचा कुणी झाकून ठेवला, उद्धवा?"

ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती. उद्धवराव तिच्याकडंच बघत राहिले. शेवंतावैनी हल्ली घरातल्या दोन माणसांच्या मानानं भाकऱ्या जास्तच थापतात, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्याला ते आत्ता कळत होतं.

"बायको काय म्हणते तुझी?"

"तिला झोप गाढ लागते म्हणते. काही ऐकू येत नाही."

"आणि पोरगा? सुधीर?"

"त्याचं नाव काढू नका. दिवाळीत भांडून गेला तो गेला. मीच सांगितलंय त्याला, पुन्हा या उंबऱ्याच्या आत दिसलास तर..."

"तर?"

उद्धवरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. सहजासहजी हार मानणारा माणूस नव्हे तो.

"ते राहू द्या, बाबा. तुमच्या उशाशी घोडा असतो म्हणतात सगळे. तो कितीचा आहे तेवढं सांगा. मी डोळे मिटून तसलाच घेतो."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठला. आत गेला. उशीखालून काहीतरी काढून आणलं आणि उद्धवरावांच्या तळहातावर ठेवलं.

लोखंडाचा वाकडा तुकडा. अंगठ्याएवढा. जुन्या बंदुकीचा घोडा, नुसता घोडाच. हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला.

"बंदूक कुठाय?"

"विहिरीत. मीच टाकली."

"कुणाची होती?"

"बापाची."

"म्हणजे त्या रात्री लोक म्हणतात तसं..." उद्धवरावांना पुढं काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. ते गिरणीत राहिलं होतं.

बाबानं घोडा त्यांच्या हातातून परत घेतला. गोधडी मांडीवर ओढली. दोरा संपला होता. तो नवा ओवायला लागला, सुईचं नेढं काही सापडेना. उद्धवरावांनी सुई घेतली आणि ओवून दिली.

"कितीची होती?" त्यांनी विचारलं.

"ते मी कधी बघितलं नाही," बाबा म्हणाला. "कडी मात्र आतूनच काढलेली होती. आईनं."