वैशाखातलं कढण

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाची, कोणत्या गावची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही. त्या राजाच्या पदरी एक आचारी होता आणि त्याच्या हातच्या सारांना नि कढणांना तोड नव्हती, एवढं कळलं की पुरे.

आचारी मोठा शिस्तीचा माणूस. वर्षाचे सहा ऋतू, तर त्याची सारंही सहा. वसंतात शेवग्याच्या शेंगांचं, ग्रीष्मात आमसुलाचं, पावसाळ्यात कुळथाचं कढण, शरदात मुगाचं. थंडीतली दोन तर मी सांगतच नाही, उगाच तुमच्या तोंडाला पाणी सुटायचं. मुदपाकखान्याच्या, म्हणजे राजाच्या त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक पंचांग टांगलेलं असे. ऋतू पालटला की त्याच दिवशी चुलीवरचं सार पालटायचं. आदल्या दिवशी नाही की दुसऱ्या दिवशी नाही.

त्या वाड्यात एक रीत होती. आचाऱ्यानं मुदपाकखान्याचा उंबरा ओलांडून वाड्याच्या आतल्या दालनांत जायचं नाही. कपड्यांना धूर, पायांना राख, आतल्या गालिच्यांवर असला माणूस कसा चालायचा? तो रांधायचा, दासी झाकून न्यायच्या आणि रिकामी भांडी परत यायची. बारा वर्षं अशीच गेली. बारा वर्षांत आचाऱ्यानं आपलं सार कुणाला पिताना पाहिलं नव्हतं, आणि पाहायला हवं असं त्याच्या मनातही कधी आलं नाही.

राजाची आई फार म्हातारी झाली होती. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. वाड्यात दुसरं कुणी काही म्हणो न म्हणो, आईसाहेब मात्र सार प्यायल्या की दासीबरोबर निरोप धाडायच्या, ‘आज चांगलं जमलंय म्हणावं.’ एवढ्या चार शब्दांवर आचाऱ्याचा दिवस सोन्याचा व्हायचा. त्याला स्वतःची आई आठवत नव्हती. हे तो कुणाजवळ बोलत नसे, पण आईसाहेबांची वाटी भरताना त्याचा हात नेहमी थोडा सैल सुटायचा.

एका वर्षी उन्हाळा असा पेटला की काही विचारू नका. चैत्रातच विहिरी तळाला गेल्या, आणि वैशाख लागला तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. त्या वर्षी पंचांगात ग्रीष्म वैशाखातच लागला होता, म्हणून आचाऱ्यानं रिवाजाप्रमाणे आमसुलाचं सार सुरू केलं, नारळाचं दूध घालून, माठाच्या पाण्यात गार केलेलं. राजा खूश, दरबार खूश. पण आईसाहेबांची वाटी अर्धी परत आली. दुसऱ्या दिवशी पाऊण परत आली. आठ दिवसांनी तर वाटी जशी गेली तशीच परत येऊ लागली आणि निरोपही बंद झाला.

आचारी चक्रावला. त्यानं जिरं बदलून पाहिलं, मीठ कमी केलं, चिमूटभर साखर घातली. मग सगळा दोष आमसुलांना दिला आणि नवी मागवली. सार आणखी गार व्हावं म्हणून भांड्याला ओलं फडकं गुंडाळलं. जितकं जास्त तो राबला, तितकी ती वाटी भरलेलीच परत आली. मग तो दासींवर आग पाखडू लागला, ‘तुम्ही वाटेत गरम करता, हलवता, सांडता.’

वैद्यबुवा रोज येऊन नाडी बघत. आजार काही सापडेना. ते एवढंच म्हणाले की वयाचा दिवा आहे, तेल संपत आलंय, पोटात काही गेलं तर तगतील, नाहीतर काही सांगवत नाही.

हे ऐकून राजाचा जीव कासावीस झाला, आणि घाबरलेल्या माणसाला राग फार लवकर येतो. त्यानं आचाऱ्याला बाहेरच्या चौकात बोलावून सांगितलं की अमावास्येपर्यंत आईच्या पोटात वाटीभर सार गेलं नाही, तर मुदपाकखान्याच्या किल्ल्या ठेवून चालतं व्हायचं. अमावास्येला सहा दिवस होते. किल्ल्या जातील याचं आचाऱ्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चुलीपाशी परत येऊन बसला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे किल्ल्या नव्हत्या. आईसाहेब उपाशी आहेत आणि त्या माझ्यामुळे उपाशी आहेत, हाच एक विचार त्याला सोडत नव्हता.

मुदपाकखान्यात भाजी घेऊन येणाऱ्या एका माळणीनं त्याला सांगितलं की नदीच्या उतारावर, जिथं नाव लागते तिथं, नावाड्याची म्हातारी राहते. नावेची वाट बघणाऱ्या वाटसरूंना ती मडक्यातलं कढण पाजते, आणि तिच्याकडची वाटी कुणी अर्धी टाकल्याचं आजवर ऐकलेलं नाही.

आचाऱ्याला आधी हसू आलं. नदीकाठची म्हातारी आता आपल्याला शिकवणार! पण गरज पडली की माणसाचा ताठा जरा वाकतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं पागोटं गुंडाळलं आणि दिवस वर येईतो तो नदीवर पोचलाही.

म्हातारीचं छपर चार काठ्यांवर उभं होतं. चुलीवर एकच काळं मडकं, आणि त्यात कसलं तरी साधं पातळ कढण. आचाऱ्यानं दुरूनच वास घेतला नि मनात म्हटलं, हात्तिच्या, यात तर काहीच नाही. तरी तो एका दगडावर बसून बघत राहिला.

थोड्या वेळानं मिठाचे बैल हाकत एक व्यापारी आला. म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, ती त्याच्या पायांकडे बघत होती. पाय धुळीनं माखलेले, टाचा फुटलेल्या. तिनं मडक्यातलं वरवरचं पाणी पळीनं घेतलं, त्यात गार ताक नि मीठ घातलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याच्यामागून नदीतून एक कोळी जाळं पिळत वर आला. म्हातारीनं त्याचेही पाय बघितले. मग त्याच मडक्यात पळी तळापर्यंत घातली, दाट कढण काढलं, आणि तुपात लसूण नि मिरी चरचरवून त्यावर ओतली.

आचाऱ्याला राहवेना. तो उठून जवळ गेला आणि म्हणाला, “मावशी, वैशाख चाललाय. या दिवसांत कुणी लसूण-मिरी पाजतं का?”

“वैशाख तुझ्या डोक्यावर आहे, बाबा,” म्हातारी म्हणाली. “हा पहाटेपासून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याचे पाय बघ की, पांढरे पडलेत.”

आचाऱ्यानं पाहिलं. खरंच पांढरे पडले होते, सुरकुतले होते. कोळी एकेक घोट घेत होता नि त्याच्या तोंडावर हळूहळू रंग येत होता. आपलं सार पोटात गेल्यावर माणसाचं तोंड कसं दिसतं, हे आपण कधीच पाहिलेलं नाही, हे आचाऱ्याच्या तिथं पहिल्यांदा ध्यानात आलं.

तेवढ्यात म्हातारीची नजर त्याच्याच पायांवर गेली. पाय सुजलेले होते, नखांत चुलीची राख होती. दिवसभर चुलीपुढे उभा राहतोस आणि स्वतः धड जेवत नाहीस, असं म्हणून तिनं त्याला दगडावर परत बसवलं आणि भाताची ऊन पेज दिली, चिमूटभर मीठ नि तुपाचा थेंब घालून. आचारी प्यायला. बारा वर्षं साऱ्या वाड्याला खाऊ घालणाऱ्या त्या माणसाला कुणी असं समोर बसवून दिलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलंही नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. आईसाहेबांची वाटी, अमावास्या, राजाचा राग, सारं काही. शेवटी हात जोडून म्हणाला की या कढणाची कृती तेवढी सांगा, जन्मभर उपकार विसरणार नाही.

“कृती कसली डोंबलाची,” म्हातारी म्हणाली. “मला एवढंच सांग, तुझ्या आईसाहेबांचे पाय कसे आहेत?”

आचाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आईसाहेब कोणत्या दालनात असतात, बसतात की झोपून असतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारी तोवर मडक्याकडे वळली होती. नाव लागली होती, तिला चार वाट्या भरायच्या होत्या.

आचारी वाड्यात परतला तो थेट चौकात राजापुढे जाऊन उभा राहिला आणि आईसाहेबांचं दर्शन मागितलं. कारभारी खवळले. राखेच्या पायांनी आचारी आत, असं कधी झालंय? राजानंही कपाळाला आठ्या घातल्या. पण अमावास्या पाच दिवसांवर आली होती आणि आईनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तो म्हणाला, “पाय धुऊन ये. मी तुझ्याबरोबर येतो.”

बाहेर अंगाची लाही होत होती. राजाच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. पण आईसाहेबांच्या दालनाचं दार उघडलं आणि आचाऱ्याच्या अंगावर काटा आला. आईला उन्हाची झळ लागू नये म्हणून राजानं खिडक्यांना वाळ्याचे जाड पडदे लावले होते. दोन दासी दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत होत्या, आणि दोघी मोठ्या पंख्यानं तो ओला वारा पलंगाकडे लोटत होत्या. राजा आत आला नि सुखानं सुस्कारला. बाहेरून आत येणारा प्रत्येक जण तसाच सुस्कारायचा. वैद्यबुवाही उन्हातून तापून यायचे, आणि आईसाहेबांचा गार हात हातात धरून त्यांना बरंच वाटायचं.

पलंगावर आईसाहेब एवढ्याशा होऊन पडल्या होत्या. आचारी पाया पडायला वाकला आणि त्यानं त्यांच्या पावलांवर हात ठेवले. पावलं विहिरीच्या तळच्या पायरीसारखी गार होती. त्यानं हात काढले नाहीत. तसाच ओणवा राहून त्यानं विचारलं, “आईसाहेब, थंडी वाजते का?”

आईसाहेबांनी डोळे उघडले. “दीड महिना झाला,” त्या म्हणाल्या. “आज कुणीतरी विचारलं.”

बोलायचं नाही का आई, असं राजा कसंबसं म्हणाला. तेव्हा आईसाहेब थांबत थांबत सांगू लागल्या की तू एवढ्या मायेनं पडदे लावलेस, मुली एवढं पाणी मारत होत्या, जो येईल तो काय छान गारवा म्हणून बसत होता. त्यात मी एकटीनंच हुडहुडी भरते म्हणायचं कसं? आणि त्यावर ते गार सार यायचं. नुसतं पाहिलं तरी दात वाजायचे.

राजानं दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही. स्वतः पुढे झाला आणि स्वतःच्या हातानं त्यानं एकेक पडदा ओढून काढला. दालनात ऊन आलं. आचारी मात्र तोवर मुदपाकखान्यात पोचला होता. त्यानं कुळीथ खरपूस भाजले, शिजवले, पाणी गाळून घेतलं. तुपात लसूण लाल केला, मिरी कुटून टाकली. हाताखालची माणसं कुजबुजू लागली की आचारीबुवांना ऊन लागलं वाटतं, भर वैशाखात कुळथाचं कढण करतायत. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. वाटी भरली, झाकली आणि दासीच्या हातात न देता, कढणाच्या भांड्यासकट नि पळीसकट, स्वतः घेऊन निघाला.

आईसाहेबांनी वाटी दोन्ही हातांत धरली. पहिला घोट घ्यायच्या आधी त्या नुसतीच ती वाटी तळव्यांत धरून बसल्या. मग एक घोट घेतला. मग दुसरा. आचारी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. कपाळावरची एक एक सुरकुती सैल झाली, नाकाचा शेंडा लालसर झाला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या गळ्याखाली घामाचा एक थेंब दिसला. वाटी रिकामी झाली. त्यांनी ती खाली ठेवली नाही, आचाऱ्यापुढे धरली.

“अजून आहे?” त्यांनी विचारलं.

राजानं तोंड फिरवून डोळे पुसले. आचाऱ्याला ते जमलं नाही, कारण त्याच्या हातात पळी होती.

अमावास्येला आईसाहेब भिंतीला धरून सज्ज्यापर्यंत चालल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या नातवंडांचे कान पिळत राहिल्या. राजानं ती जुनी रीत मोडली. तेव्हापासून आचारी रोज सकाळी आधी सगळ्या वाड्यातून एक फेरी मारायचा, उन्हात उभ्या पहारेकऱ्याला बघायचा, गारठ्यात धुणं धुणाऱ्या दासीला बघायचा, आणि मगच चूल पेटवायचा. त्याची सारं मग सहा उरली नाहीत. किती झाली, ते त्यालाही सांगता येत नसे.

तात्पर्य: आपल्याला उकडतंय म्हणून दुसऱ्यालाही उकडत असेल असं धरून चालू नये, ज्याच्यासाठी काही करायचं, त्याला आधी जवळ जाऊन विचारावं.