कापशाचं चित्र

पौषातली थंडी सगळ्यांनाच वाजते, पण गोजराला जरा जास्तच वाजायची. आई नाही, बाप नाही, अंगात विरलेला परकर-पोलका. पहाट फुटली की मामाची हाक यायची, "ऊठ गं, आंब गोळा कर!" मग ती इवल्या पावलांनी हरभऱ्याच्या शेतात जायची आणि आंबट दव टिपायला झाडांवर पांढरं फडकं पसरायची. त्या आंबट पाण्यानं बोटांच्या चिरा चुरचुरायच्या.

फडकं भिजेपर्यंत मात्र वेळ तिचा. बांधावर बसून, बाभळीची काडी चावून चावून केलेल्या कुंचल्यानं ती खापरीवर पाखरांची चित्रं काढायची. हळदीचा हळद्या, काजळीचा कोतवाल, गेरूचा तितर! फक्त कापशा ससुला राहून गेला होता. रोज हरभऱ्याचे शेंडे खायला यायचा, पण घडीभर एका जागी बसेल तर शपथ.

मामाला शेंड्यांचं दुःख होतंच, शिवाय सशाचा रस्सा आवडायचा. "उद्या गोफण घिऊनच येतो," तो म्हणाला. मामा मनानं वाईट नाही, असं गावात म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसऱ्या दिवशी गोजरा फडकं पिळायला गेली, तोच आतून आवाज आला, "अगं, हळू! माझे पंख!"

फडक्यात करंगळीएवढी परी अडकली होती. निळी, जांभळी, सोनेरी, नुसती लुकलुकत होती. गोजरानं फडकं अलगद उलगडलं आणि ओल्या पंखांवर फुंकर घातली.

"पिळलं असतंस तर संपलेच होते मी," परी म्हणाली. "माग, काय हवं ते."

गोजराला गरम भाकरी हवी होती, घोंगडी हवी होती. पण पलीकडून मामा येताना दिसला.

"माझ्या कापशाला वाचव."

"मग या दवात रंग कालव आणि त्याचं चित्र काढ. चित्र पुरं झालं की तो कुठल्याच माणसाला दिसणार नाही. पण सोनुले, तूही माणूसच."

गोजरानं विचारलं, "मला एकदाच, दिवाळीला तरी?"

"तुला दिसला तर मामालाही दिसेल, बाळ."

आज नेमका कापशा हलेना. मिशांवर दवाचे मोती घेऊन तिच्याकडेच बघत बसला. गोजरानं भराभर कान काढले, पोट काढलं, मिशा काढल्या. शेपटी तेवढी ती चुन्यानं सावकाश रंगवत राहिली. एवढीशी शेपटी, तिला किती वेळ लागावा! मामाची गोफण गरगरू लागली. तेव्हा कुठे गोजरानं शेवटचा ठिपका ठेवला.

"आत्ता तर हितं हुता!" मामा ओरडला. मग त्यानं तिच्या हातातली खापरी पाहिली. "आन् तू कोरी खापरी घिऊन काय बसलीस? फडकं पीळ."

सूर्य वर आला. परी त्या उजेडात झगमगली आणि विरून गेली. चांगुलपणाचं फळ मिळतंच, असं जाताजाता म्हणाली.

मिळालंही. तेव्हापासून रोज, गोजरा बांधावर बसली की तिच्या गार मांडीवर काहीतरी उबदार, मऊ येऊन बसायचं. ती त्यावर हात फिरवायची. डोळे मात्र घट्ट मिटून घ्यायची, कारण उघडले की मांडी रिकामी दिसायची.