ठकूबाईच्या दारची हाक

या ओट्यावर रांजण का नाही, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. दगडावर 'पाणपोई' कोरलेलं, वर कडुनिंबाची सावली, आणि पाणी मात्र थेंबभर नाही. आमच्या बोरटेकाचे लोक कंजूष आहेत असं समजू नका. जरा टेका, सांगतो.

फार जुनी गोष्ट. झिंगराजी कुंभाराचा मुलगा मोठ्या तापातून उठला, तेव्हा नवस फेडायला त्याने ही पाणपोई घातली म्हणे. वैशाखभर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत रांजणापासून हलायचं नाही, येईल त्याला पाणी द्यायचं. नवस मोडला तर पोराचा ताप परत येईल, ही धास्ती त्याच्या मनात होती.

त्या वर्षी ऊन असं की पाखरं उडता उडता खाली पडत, असं सांगतात. झिंगराजीची विधवा बहीण ठकूबाई चार घरांपलीकडे एकटी राहायची. रोज दुपारी तांब्या घेऊन पाण्याला यायची. एके दिवशी आली नाही. झिंगराजीची नजर सारखी तिच्या दाराकडे जाई. शेजारणीने जाता जाता हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा झोपली असेल म्हणून ती पुढे गेली. झिंगराजीनेही स्वतःची तशीच समजूत घातली. सूर्य मावळताच तो धावला. ठकूबाई दाराच्या आत पडली होती, हातात रिकामा तांब्या. अंग अजून तापलेलं आणि जीव गेलेला. हे सांगताना माझ्या आजोबांना रडू यायचं, मलाही येतं.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर बसलाच नाही. घागर भरून दारोदार निघाला. पोराचा तरी विचार कर, म्हणत लोक आडवे आले. तो एवढंच म्हणाला, "ज्याले चालता येते, त्यालेच म्या पाणी देल्लं. जिले उठता आलं नाही, तिच्यापाशी कोन जाईन?"

सहाव्या घरी म्हातारा उकंडा बेशुद्ध सापडला. झिंगराजीने त्याला ओल्या धोतरात गुंडाळलं, वारा घातला, शुद्धीवर आल्यावर घोटघोट पाणी पाजलं. उकंडा वाचला. पोरालाही काही झालं नाही.

आजही वैशाखात आमच्याकडे पाणीच दारोदार फिरतं. भर दुपारी दोघं-दोघं प्रत्येक दारी हाक मारतात आणि ओ आल्याशिवाय पुढे जात नाहीत. नाहीच आली, तर दार उघडून आत जातात. ठकूबाईच्या घराची आता नुसती मोकळी जागा आहे. तिथेही तिचं नाव घेऊन हाक मारतात. ओ येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी थांबतात, त्या दिवशी कोणी थांबलं नव्हतं म्हणून.