आधीच उठणारी

"मला रडायला शिकवणार की नाही, तेवढं सांगा ना अक्का..."

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढला, डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला आणि अंगणात भिरकावला.

केतकी ढवळे कॉलेजात असताना विद्यापीठाच्या खो-खो संघाची कप्तान होती. गेली दोन वर्षं मात्र ती सिनेमात काम मिळवायला उंबरे झिजवत होती. आता कुठे नाव घेण्याजोगी एक भूमिका पदरात पडली होती. प्रसंग म्हटला तर साधा. बहीण घरात बसलेली आहे, शेजारचा माणूस दारातून आत येतो आणि तिचा भाऊ गेल्याचं सांगतो. चार वेळा चित्रण झालं, चारही वेळा फसलं. दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला होता, बाई, तो दारात यायच्या आधीच तुमच्या तोंडावर भाऊ मेलेला असतो. शुक्रवारी शेवटची संधी. तेव्हाही जमलं नाही तर दुसरी मुलगी तयारच होती.

म्हणून ती कोल्हापूरला यमुनाक्कांकडे आली होती. अक्कांनी उभ्या आयुष्यात सिनेमात गर्दीतलीच कामं केली, तीही बिनबोलाची. तरी चांगले नावाजलेले नट अभिनय शिकायला, चपला बाहेर काढून त्यांच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, येऊन बसत.

"बस," अक्का म्हणाल्या.

केतकी सवयीने उकिडवी बसली. चवडे टेकलेले, टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला.

"ही कसली गं तऱ्हा बसायची?"

"खो-खोत असंच बसतात. मागून आपली खेळाडू येते, पाठीला हात लावून खो म्हणते, मग उठायचं. त्याआधी उठलं तर फाऊल."

"बरं. मग खो मिळाल्याबिगर उठू नको."

आणि सूप उचलून अक्का आत गेल्या.

केतकीला वाटलं, येतील पाच मिनिटांत. पाचाची पंधरा झाली. आतून कढीला फोडणी बसल्याचा वास आला. पोटऱ्या पेटल्या, मग बधिर झाल्या, मग पुन्हा पेटल्या. शेजारची एक बाई विरजण मागायला आली आणि शिक्षा झालीय काय म्हणून विचारून गेली. केतकीने मानसुद्धा वळवली नाही. आधी ती सांगितलं म्हणून बसली होती, आता हट्टाला पेटून बसली होती. म्हातारीला वाटत असेल, शहरातली पोरगी, ढेपाळेल. गुडघा फुटलेला असताना अंतिम सामना खेळलेय मी...

ऊन पायरीवर चढलं तेव्हा अक्का पदराला हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ. पानं वाढल्यात."

केतकी हलली नाही.

"ऊठ म्हणते न्हवं?"

"समोरून खो नसतो, अक्का."

"मी गुरू हाय तुझी."

"असाल."

अक्कांनी तिचा दंड धरला आणि ओढलं. म्हातारीच्या हाताला अजून बळ होतं. केतकीने दात आवळले आणि बोटं जमिनीत रुतवली. गालांवरून पाणी ओघळत होतं, त्याचा तिला पत्ताही नव्हता. नजर तेवढी अक्कांच्या डोळ्यांना भिडलेली होती, आणि त्या नजरेत एकच गोष्ट होती... नाही.

अक्कांनी दंड सोडला. खाली वाकून तो चेहरा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या...

मग सावकाश वळसा घालून तिच्या मागे गेल्या आणि पाठीवर तळवा टेकवला.

"खो."

केतकीला उठायचं होतं, पण पाय कुठले ऐकायला! ती तिथेच कुशीवर कलंडली. दम खात, चिडून तिने विचारलं, "आता तरी सांगा. शुक्रवारी तो माणूस बातमी घेऊन येणार. मी काय करू?"

"येऊ देऊ नको त्याला. आत्ता मला उठवू दिलं न्हाईस, तसं."

"पण संहितेत तो येतो, अक्का..."

अक्का स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या.

"ते त्याचं त्यो बघंल."